यष्टींमागचा माणूस

चेंडू ग्लोव्ह्जमधून निसटून गवतावर पडला आणि तिच्या हातातली उशी टीव्हीवर जाऊन आदळली.

“टीव्हीने काय केलंय?” सासरे म्हणाले.

“हाताला भोकं पडलीत त्याच्या. इतका सोपा कॅच. बॉल चालत आला होता त्याच्याकडे.”

सासऱ्यांनी वाकून उशी उचलली आणि आपल्या पाठीशी घेतली. पडद्यावर तोच झेल पुन्हा दाखवत होते, या वेळी सावकाश. बॅटची कड, चेंडूचा किंचित बदललेला रस्ता आणि उशिरा, फार उशिरा उठलेले दोन हात. देशाची टीम सलग सातवी मॅच हरायच्या बेतात होती आणि त्यातल्या निदान चार तरी या हातांमुळे गेल्या होत्या, असं तिचं मत होतं. एकेकाळी याच यष्टिरक्षकाला लोक कौतुकाने ‘कुलूप’ म्हणत. त्याच्या मागे चेंडू म्हणून जात नसे.

“कुलूप कसलं, नुसती कडी उरलीय,” सासरे म्हणाले.

“आणि उभा कसा राहतो बघा. मान वाकडी करून. फोटो काढून घ्यायला आल्यासारखा.”

तिला बोलायचा हक्क होता. कॉलेजात दोन वर्षं ती यष्टींमागे उभी राहिली होती आणि उजव्या हाताची करंगळी तेव्हापासून जी वाकडी झाली ती झालीच. लग्न होऊन या घरात आली तेव्हा महिनाभर ती सासऱ्यांसमोर फारसं बोलली नव्हती. मग एका दुपारी स्वयंपाकघराच्या दारातून तिच्या तोंडून निघून गेलं, “आउट नव्हता तो, बॅटला लागून पॅडवर आला.” सासऱ्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, शेजारची खुर्ची पायाने पुढे सरकवली. त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती. नवरा फिरतीच्या नोकरीत, महिन्यातले वीस दिवस बाहेर. मॅच बघायची ती या दोघांनीच.

सासरे छापखान्यात मुद्रितशोधक होते. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं, असं ते स्वतःच सांगत. निवृत्तीनंतर ती नजर क्रिकेटवर वळली होती. संध्याकाळी मॅच हरल्यावर त्यांनी पाणी मागितलं आणि घोटभर पिऊन म्हणाले, “हाकला त्याला. मी निवड समितीत असतो तर आत्ता हाकलला असता.”

“मी असते तर चौथ्या मॅचलाच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दुकानाचं शटर अर्धंच वर केलं होतं. दुकान लहान. पुढे भिंतभर चष्म्यांच्या फ्रेम, मागे पडदा आणि पडद्याआड डोळे तपासायची अंधारी खोली. ती स्वतः डोळे तपासायचं शिकलेली होती. चष्मे करून द्यायची, आणि चष्म्याने भागणार नसेल तर डॉक्टरांकडे पाठवायची. फ्रेमवरची धूळ टिपत असताना शटरखालून वाकून एक बाई आत आल्या. पन्नाशीच्या, साध्या, खांद्याला पिशवी. चेहऱ्यावर शाळेतल्या बाईंचा करारीपणा, आणि शाळेत शिकवत असल्याचं त्यांनी नंतर सांगितलंही. त्यांच्यामागून टोपी आणि मास्क घातलेला एक उंच पुरुष.

“माझ्या भावाचे डोळे तपासायचेत,” बाई म्हणाल्या. “शटर तेवढंच राहू द्याल का?”

“चालेल. नाव काय लिहू?”

“माझं लिहा.”

तिने विचारलं नाही. कधी कधी लोकांना लग्न ठरायच्या आधी चष्मा लपवायचा असतो. वयाच्या मानाने हे जरा उशिराचं वाटलं, इतकंच. तिने पडदा सारला, त्याला खुर्चीवर बसवलं आणि तपासणीची फ्रेम हातात घेऊन म्हणाली, “टोपी आणि मास्क काढावा लागेल.”

त्याने दोन्ही काढून मांडीवर ठेवलं.

तिच्या हातातली फ्रेम तशीच राहिली. कालपर्यंत हा चेहरा तिने टीव्हीवर हातभर अंतरावरून पाहिला होता. गालावरचा तो जुना व्रण, तुटकी भुवई. प्रत्यक्षात तो टीव्हीवर दिसे त्याहून बारीक आणि थकलेला होता. बहीण दाराशी उभी राहून तिच्याकडेच बघत होती. ती काय करते हे बघायला थांबल्यासारखी.

“बसा नीट. मागे टेका,” ती म्हणाली. आवाज बरा निघाला.

तिने त्याचा डावा डोळा झाकला. समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटली. उजव्या डोळ्याने त्याने अगदी खालची बारीक ओळसुद्धा धडाधड वाचली. असा डोळा तिने वर्षभरात पाहिला नव्हता. मग उजवा झाकला. डाव्या डोळ्यानेही त्याने पहिली ओळ वाचली, दुसरी, तिसरी, चौथी. तिला हायसं वाटलं, आणि त्याचबरोबर कालचा रागही परत आला. म्हणजे डोळे धडधाकट आहेत. मग कॅच का सुटतात?

यंत्र जुनं होतं. बटण दाबल्यावर पुढची ओळ उमटायला क्षणभर वेळ लागे. तिने बटण दाबलं. पाचवी ओळ पडद्यावर यायच्या आधीच त्याने ती वाचून टाकली.

ओळ उमटली. त्याने वाचली होती तशीच, अक्षर न् अक्षर.

तिने चकती फिरवली. अक्षरांच्या जागी आकडे आले. सगळ्यात मोठा, वीतभर उंचीचा एकच आकडा.

“हा कोणता?”

त्याने मान जरा वळवून पाहिली.

“सांग,” बहीण म्हणाली. “यांना तरी सांग.”

“माफ करा,” तो म्हणाला. “तो तक्ता सगळीकडे एकच असतो. पाठ झालाय. सवय लागलीय.”

तिने दिवा लावला, स्टूल ओढून त्याच्या अगदी समोर बसली. “उजवा हाताने झाका. माझ्या चेहऱ्याकडे बघा. काय दिसतं?”

“केस दिसतात तुमचे. कान दिसतात. कानातलं चमकतंय.” तो थांबला. “मध्ये कुणी नाही.”

हे त्याने इतकं साधेपणाने सांगितलं की तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिने नकळत स्वतःच्या नाकाला हात लावून पाहिला.

“हा हात?” तिने पंजा त्याच्या नजरेसमोर धरला.

“कुठला हात?”

तिने हात खाली घेतला. बारीक दिव्याचं यंत्र उचललं आणि त्याच्या बुबुळातून आत पाहिलं. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, नेमक्या मध्यावर, जिथे नजर सगळ्यात तीक्ष्ण असते तिथे, लालसर गोल भोक होतं. पुस्तकात पाहिलेलं, प्रत्यक्षात दोनदाच. ती बराच वेळ बघत राहिली, कारण यंत्र बाजूला केलं की बोलावं लागणार होतं.

“कधीपासून?”

“सहा महिने. नेटमध्ये बॉल लागला. हेल्मेट होतं, जाळीतून आत आला. सूज उतरली तसं वाटलं, नजरही येईल. वाट बघत राहिलो.”

“मला परवा कळलं,” बहीण म्हणाली. “घरी आला होता. जगमधून पाणी ओतलं, ते सगळं ग्लासच्या बाहेर. वर मलाच म्हणतो, टेबल हललं. टीमच्या डॉक्टरांना विचारायचं नाही, स्टेडियमजवळच्या दवाखान्यात जायचं नाही, सगळे ओळखतात. म्हणून इतक्या लांब तुमच्याकडे आणला.”

ती ऐकत होती, पण तिच्या डोळ्यांसमोर दुसरंच चाललं होतं. वाकडी मान. एक डोळा अधू झालेला माणूस चांगला डोळा मध्यावर आणायला मान वळवून बसतो, हे ती शिकली होती. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाचंसुद्धा तिने एकदा ओळखून त्याला सांगितलं होतं. आणि याला सहा महिने, मॅचमागून मॅच, सात-सात तास समोर पाहून ती म्हणाली होती, फोटो काढून घ्यायला आल्यासारखा.

“एका डोळ्याने अंतर कळत नाही,” ती म्हणाली. “बॉल किती जवळ आलाय ते समजतच नाही. मग तुम्ही धरता कसे?”

“आवाजावर.” प्रथमच त्याच्या चेहऱ्यावर जरा जिवंतपणा आला. “बॅटची कड लागली की टक् असा आवाज येतो. बाहेरच्या कडेचा वेगळा, आतल्या कडेचा वेगळा. त्यावरून हात नेतो. अकरा वर्षं उभा आहे तिथे, बरेचदा जमतं. लोक शांत असले तर.”

“आणि नसले तर?”

“सुटतो. काल सगळं स्टेडियम ओरडत होतं. आवाजच आला नाही मला.”

ती उठली. उगीचच भिंतीवरचा दिवा बंद करून पुन्हा लावला. चेंडू ताशी दीडशेच्या वेगाने येतो हे तिला माहीत होतं. कॉलेजात त्याच्या निम्म्या वेगाचा यायचा, दोन्ही डोळे शाबूत होते, तरी करंगळी गेली.

“ऐका,” ती म्हणाली. “मी डॉक्टर नाही. पण हे चष्म्याचं काम नाही, ऑपरेशन लागेल. लागल्या लागल्या आला असतात तर बरीचशी नजर परत आली असती. आता किती येईल ते मी सांगू शकत नाही. आजच दाखवा.”

“रविवारी मॅच आहे.”

“रविवारी तुम्ही खेळायचं नाही. आता एकच डोळा उरलाय. त्याच्यावर काही बसलं तर?”

“दुसऱ्या कीपरचं बोट मोडलंय. पेपरात आलं नाही अजून. माझ्याशिवाय उभं राहणारं कुणी नाही.” तो मांडीवरच्या टोपीशी चाळा करत होता. “आणि सात हरलोय आम्ही. जिंकत असतो तर कधीच थांबलो असतो. आता गेलो तर म्हणतील, पळाला.”

“म्हणू देत.”

“तुम्ही मॅच बघता का?”

बहिणीनेही मान वर केली. ती हातातली तपासणीची फ्रेम पुसायला लागली. “सासरे बघतात.”

“काय म्हणतात माझ्याबद्दल?”

“म्हणतात, थोडी विश्रांती द्यायला हवी.”

तो हसला. तिचं खोटं त्याला अचूक दिसलं होतं. “सासरे फार सज्जन आहेत तुमचे.”

तिने डोळ्यांच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. नाव सांगितलं नाही, फक्त काय दिसलं ते सांगितलं. डॉक्टर म्हणाले, लगेच पाठव. तिने फोनवर हात ठेवून त्याच्याकडे पाहिलं. तो मान हलवत होता, नाही म्हणून. शेवटी सोमवारी सकाळी नऊची वेळ ठरली.

“रविवार संध्याकाळपर्यंत टीमचा,” तो टोपी चढवत म्हणाला. “नंतर तुम्ही म्हणाल तसं. तोपर्यंत कुणाला—”

“या खोलीतलं बाहेर जात नाही,” ती म्हणाली.

ती दोघं वाकून शटरखालून गेली. जाताना त्याचा डावा खांदा शटरच्या कडेवर आपटला. बहिणीने त्याच्या दंडाला धरून त्याला उजवीकडे घेतलं.

दिवसभरात तिने दोघांच्या चष्म्यांची मापं चुकवली. संध्याकाळी घरी गेली तर सासरे पेपर घेऊन तयारच होते. “हे बघ, तुझं कुलूप रविवारी पण खेळणार. निवड समितीची नजर गेलीय की काय?”

ती मोजे काढत होती. एक काढला आणि दुसरा काढायचं विसरून तशीच बसून राहिली.

शुक्रवार गेला. शनिवारी जेवताना सासरे म्हणाले, “तब्येत बरी आहे ना तुझी? दोन दिवसांत कुणाला शिवी दिली नाहीस.”

“दुकानात काम खूप आहे.”

“मला वाटलं, सुधारलीस.”

जेवणानंतर तिने बहिणीला फोन केला. तो ऐकत नाही, बहीण म्हणाली. आईचंही ऐकलं नाही. आईला कारण सांगितलेलंच नाही, नुसतं खेळू नको म्हणायला लावलं. टीमच्या कुणाला तरी कळवावं, असं तिच्या जिभेवर दोनदा आलं. बहिणीच्याही आलं असावं. कुणीच बोललं नाही. फोन ठेवल्यावर ती स्वतःशी म्हणाली, आपण चूक करतोय. आणि तरीही तिने पुन्हा फोन उचलला नाही.

रविवारी टीम आधी खेळली. तो सहाव्या क्रमांकावर आला. मान इतकी वळलेली की हनुवटी खांद्याला टेकली होती. पहिले चार चेंडू त्याने नुसते सोडून दिले. पाचवा उसळून हेल्मेटजवळून गेला, तेव्हा तिने खुर्चीचा हात इतका घट्ट धरला की सासऱ्यांनी वळून पाहिलं. त्याने सतरा धावा केल्या. तो बाद होऊन परत निघाला आणि तिला पोटभर श्वास घेता आला.

दुपारनंतर तो यष्टींमागे उभा राहिला. सासरे रंगात आले. “पकड. पकड बाबा. अरे, झोपलास की काय?”

“बाबा, ओरडू नका.”

“का?”

“त्याला ऐकू—” ती थांबली. “डोकं दुखतंय माझं.”

“त्याला कुठलं ऐकू जातंय इथून,” सासरे म्हणाले. पण नंतर हळू बोलायला लागले.

बाराव्या षटकात मैदानावर कसलीशी शांतता पसरली होती. कड लागली. तो डावीकडे झेपावला, चेंडू जमिनीपासून चार बोटं वर असताना ग्लोव्हमध्ये बसला. समालोचक वेडे झाले. सासरे उठून उभे राहिले, खाली बसले आणि म्हणाले, “हे येतं तर रोज का करत नाही?” तिला हुंदका आला तो तिने खोकल्यात घालवला.

शेवटी समोरच्यांना तीन धावा हव्या होत्या आणि एक गडी राहिला होता. स्टेडियम उभं राहून गर्जत होतं. चेंडू बॅटला लागलाच नाही, सरळ मागे आला. त्याच्या डाव्या पायाशेजारून, तो उभा असताना, तो तसाच उभा असताना, सीमेपार गेला. टीम आठव्यांदा हरली. चेंडू कुठे गेला ते बघायला तो वळला, तोही चुकीच्या बाजूला.

सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. लोक हुर्यो उडवत होते. कुणीतरी पाण्याची बाटली आत फेकली.

बक्षीस समारंभात त्याला माइकसमोर बोलावलं तेव्हा गलका आणखी वाढला. त्याने तो संपायची वाट पाहिली. मग म्हणाला, “आज माझी शेवटची मॅच होती. थांबतोय मी.”

“अकरा वर्षांनंतर, असं अचानक?” मुलाखत घेणारा म्हणाला. “काय कारण?”

“मला बॉल दिसत नाही. सहा महिने झाले.”

मग मुलाखत घेणारा खळखळून हसला. “हा प्रामाणिकपणा आवडला,” तो म्हणाला. त्याच्यामागे उभा असलेला समोरच्या टीमचा कॅप्टन हसला, स्टुडिओतले तिघं हसले, आणि कॅमेरा फिरला तिथे हजारो लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. आता ते त्याच्यावर रागावलेलेही नव्हते. तो सगळ्यांकडे वळलेल्या मानेने बघत राहिला आणि मग तोही हसला.

सासरे हसता हसता ठसकले. “शेवटी कबूल केलंन बघ. आपण सहा महिने कंठशोष करतोय—”

ते थांबले. ती हसत नव्हती. खुर्चीतून अर्धी उठली होती, तोंडावर हात दाबून धरला होता आणि तिच्या डोळ्यांत पाणी उभं होतं.

सासऱ्यांनी पडद्याकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. एखादी ओळ दहादा वाचून झाल्यावर अकराव्या वेळी चूक दिसावी, तसे ते तिच्याकडे बघत होते.

“तो तुझ्याकडे आला होता?”

“कोण?” ती म्हणाली.

टीव्हीवर तेच वाक्य आणि तेच हसणं पुन्हा दाखवायला लागले होते.

“कुणी नाही,” ते म्हणाले.

त्यांनी रिमोट शोधला. तो सापडेना, तेव्हा उठून भिंतीवरचं बटणच बंद केलं. मग परत येऊन खुर्चीत बसले नाहीत, खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

“उद्या दुकान किती वाजता उघडायचं?”

“उशीर होईल. सकाळी नऊला मला एके ठिकाणी जायचंय.”

“ये जाऊन,” सासरे म्हणाले. “दुकान मी उघडतो. तू घाई करू नकोस.”